नवाकोरा कठडा

एकाच केबिनमध्ये राहिलेल्या नवरा-बायकोनं एकाच चादरीबद्दल लिहिलेली दोन मतं सांगते. नवरा लिहितो, 'चादरी पांढऱ्याशुभ्र, पंचतारांकित हॉटेलला लाजवतील अशा.' बायको लिहिते, 'चादरीवर पिवळे डाग, उशीला कुबट वास, रात्रभर डोकं टेकवलं नाही.' दोघंही साताऱ्याचे, चष्मेही बहुधा एकाच दुकानातले. खाली लोकांनी दोघांची यथेच्छ टर उडवली होती. कुणी म्हणे नवरा मिंधा आहे, कुणी म्हणे बायको खडूस आहे. दोघंही खरं बोलत असतील, असं एकाच्याही मनात आलं नाही.

'सिंधुगौरी' या क्रूझबद्दल अशी हजारो मतं पडलेली होती. जहाज जुनं. कुठल्याशा थंड देशातल्या लोकांनी मनसोक्त वापरून टाकलेलं, विक्रांत दुभाषी नावाच्या गृहस्थांनी आणलेलं आणि पांढरा रंग फासून मुंबई, कोची, लक्षद्वीप अशा सहलींना जुंपलेलं. कुणी त्याला तरंगता राजवाडा म्हणायचं, कुणी तरंगतं भंगार. 'बरं आहे, वयाच्या मानानं ठीक' असं म्हणणारा माणूस शोधून सापडत नसे. आणि फोटोंचं म्हणाल तर आजकालचे फोन डाग पुसून, रंग उजळूनच फोटो हातात देतात. शिवाय सहल संपल्यावर जुने फोटो निरखत बसतो कोण?

मी बसले, कारण दोन वर्षांपूर्वी या जहाजावरून माझी थोरली बहीण मेघनाताई समुद्रात पडली आणि तिचा देहही मिळाला नाही.

'सिंधुगौरी'वर शेवटच्या दुपारी सागरपूजन असतं. मागच्या डेकवर सगळे जमतात आणि प्रत्येक ग्रुपमधली एक बाई समुद्राला नारळ देते. मूळ रीत कोळी बांधवांची. ते होडीतून, पाण्याला बोटं लागतील इतक्या जवळून नारळ सोडतात. कंपनीनं ती रीत उचलली आणि पाण्यापासून तीन मजले उंच नेऊन ठेवली. नारळ फेकायचा नाही, दोन्ही हातांनी अलगद सोडायचा, हा नियम मात्र तसाच ठेवला. आता इतक्या उंचावरून अलगद सोडायचा तर कठड्यावर सगळा भार टाकून वाकायला नको? ताई वाकली. कठड्याचा खांब बुडाशी कुजलेला होता, तो बाहेर कलंडला आणि नारळासकट ताई गेली.

म्हणजे असं मी म्हणत होते. कंपनी म्हणत होती की कठड्याला काहीही झालेलं नाही, तो पूर्वीपासून जसा आहे तसाच आहे, बाईच खालच्या दांडीवर चढल्या. चौकशी समितीपुढे प्रवाशांची मतं ठेवली गेली. बहुतेकांनी लिहिलं होतं, 'कठडे भक्कम, चकचकीत.' तपासनीस जहाजावर आले तेव्हा दुभाषींच्या माणसांनी त्यांना आधी वातानुकूलित हॉलमध्ये निवांत जेवू घातलं, आग्रहानं दोन वाट्या आमरस वाढला आणि मग डेकवर नेलं. त्यांनीही लिहिलं, 'कठडा जुना पण सुस्थितीत.'

आणि या सगळ्यावर कळस चढवला तो आमच्या भाऊजींनी. ताईचे यजमान, निशिकांत भाऊजी. तिच्यापासून चार हातांवर उभा असलेला माणूस. त्यांनी शपथेवर सांगितलं, "कठडा नवाकोरा होता. ती पडल्यावर मी स्वतः तो धरून खाली पाहिलं. हलला नाही."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

*

मी मिरजेत उभा जन्म भूलतज्ज्ञ म्हणून काढला. माणसाची शुद्ध किती घालवायची आणि किती ठेवायची, हा माझा धंदा. त्यामुळे मतांचा तो ढीग वाचताना मला दुसऱ्यांना न दिसणारी एक गोष्ट दिसू लागली. मतं माणसागणिक बदलत नव्हती, ग्रुपगणिक बदलत होती. नाशिकचा अख्खा ग्रुप खूश, बेळगावचा अख्खा ग्रुप नाराज. साताऱ्याच्या त्या नवरा-बायकोनंही दिवस वेगवेगळ्या ग्रुपांत काढले होते. आपल्याकडच्या सहलीत बसमध्ये एक कुणीतरी बाई असतेच, जिच्या मतावर सगळ्यांचं मत ठरतं. ती 'काय सुंदर गं!' म्हणाली की सगळ्या 'सुंदर गं!' म्हणतात. पण इथं नुसतं म्हणणं नव्हतं. लोकांना खरोखर तसं दिसत होतं. एकीनं गंज म्हटला की तिच्या मागच्या तीस जणांना गंजाचा वाससुद्धा येत होता.

मग मी जहाजाच्या हवेचा शोध घेतला. तो अवघड नव्हता, कारण कंपनी त्याची जाहिरातच करत होती. 'आमच्या जहाजावर कुणालाही जहाज लागत नाही.' वातानुकूलनाच्या हवेतून 'स्थिरा' नावाचं औषध अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपात सोडलं जाई. रीतसर मंजुरी मिळालेलं औषध होतं ते.

जहाज लागतं म्हणजे काय होतं? डोळे मेंदूला सांगतात, खोली स्थिर आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो, सगळं डुलतंय. दोन्ही बातम्या जुळत नाहीत आणि पोट ढवळून येतं. 'स्थिरा'ची करामत अशी की ते मेंदूत बाहेरून येणाऱ्या बातमीचं वजनच कमी करतं. कानाची तक्रार येते, पण तिला कुणी विचारत नाही. उलटी थांबते.

आता मेंदू काही जग दर क्षणाला नव्यानं बघत नसतो. तेवढी सवड कुणाला? तो आधी अंदाज बांधतो आणि डोळ्यांकडून फक्त दुरुस्ती मागवतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून आपण पाय टाकतो आणि दचकतो, तो हा अंदाज. एरवी अंदाज चुकला की ज्ञानेंद्रियं लगेच कान पिळतात. पण 'स्थिरा'ला कानाची बातमी कुठली आणि डोळ्यांची किंवा हाताच्या स्पर्शाची कुठली, हे थोडंच कळतं? ते सगळ्याच बातम्या हलक्या करतं. माणूस चालतो, बोलतो, हौजी खेळतो, अंताक्षरीत भांडतो. कुठं काही बिघडल्याचं जाणवत नाही. फक्त जे दिसेल असं त्याला वाटत असतं तेच त्याला दिसतं. बंदरावर तुतारी, अत्तर आणि औक्षणानं ज्याचं स्वागत झालं त्याला राजवाडा दिसतो. घरून कुणीतरी मनात शंका घालून पाठवलेल्याला भंगार दिसतं. उघड्या डेकवर गेलं तरी फरक पडत नाही, कारण औषध अंगातून उतरायला अर्धा दिवस लागतो.

हे सगळं मी समितीपुढे मांडलं. तिथले एक वयस्क गृहस्थ चष्मा काढून हळुवारपणे म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही दुःखात आहात. काही दिवस विश्रांती घ्या."

बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. तिथून पुढं मला न्याय नको होता. तो मागून झाला होता. मला दुभाषीला त्याच कठड्यापाशी उभं करायचं होतं.

हा माणूस एरवी जहाजावर कप्तानाच्या मजल्यावर राहायचा. तिथली हवा वेगळी असते, जहाज हाकणाऱ्यांना 'स्थिरा' देत नाहीत. पण येत्या मार्गशीर्षात 'सिंधुगौरी'ला आपल्याकडे येऊन दहा वर्षं होणार होती आणि मालक स्वतः पाहुण्यांत राहून, त्यांच्या पंगतीला बसून उत्सव साजरा करणार, अशी जाहिरात झळकली. ती वाचून मी खुर्चीतून उठलेच. दुभाषी ती हवा ओढणार होता. रंगाखालचा गंज बाकी कुणाला दिसत नव्हता, पण त्याला दिसणार होता, कारण त्याच्या मनात तो होता. त्याला माहीत होतं. आणि मला.

*

सांगलीला भाऊजींकडे गेले तेव्हा त्यांनी दार उघडलं. माणूस निम्मा झाला होता. मला कीव आली नाही, खरंच सांगते. उलट बरं वाटलं.

"ये," ते म्हणाले. "चहा टाकतो. तुला माझ्याशी बोलायचं नव्हतं ना?"

"अजून नाहीच बोलायचं. एक विचारायला आलेय. 'सिंधुगौरी'वर पुन्हा येता?"

गॅसवर चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मीच उठून बंद केला.

"मी खोटं बोललो नाही, हेमांगी," ते म्हणाले. "मला दिसलं ते सांगितलं. तू त्या औषधाचं काय काय सांगतेस, असेलही तसं. पण मी डोळ्यांनी पाहिलंय गं. पांढराशुभ्र होता."

"म्हणून तर म्हणते, चला. पुन्हा एकदा बघा."

त्यांनी ओट्यावर सांडलेला चहा फडक्यानं पुसला. मग म्हणाले, "तिच्या नावानं एक नारळ सोडायचा राहिलाय. तिचा नारळ तिच्याबरोबरच गेला, पण तो काही सोडलेला नव्हे. येतो मी."

परतीच्या वाटेवर माझ्या मनात एक चित्र आलं. तोच कठडा, आणि त्याच्यावर भार टाकून वाकलेले भाऊजी. मी ते हाकलून लावलं. मिरजेच्या वेशीवर ते परत आलं, आणि तेव्हा मी ते राहू दिलं.

*

मुंबईच्या धक्क्यावर तुतारी वाजली, अत्तर लावलं, औक्षण झालं. आमच्या ग्रुपमध्ये इचलकरंजीच्या इंगवले वहिनी होत्या. पहिल्याच तासात ठरून गेलं की या ग्रुपचं मत म्हणजे वहिनींचं मत.

"अगं बाई बाई बाई!" लिफ्टमधून बाहेर पडताच वहिनी म्हणाल्या. "कसलं भारी हाय हे! आरसे बघा की, आरसे!"

तीस माना आरशांकडे वळल्या आणि तीस चेहरे उजळले. मला त्या आरशांच्या कडा काळ्या पडलेल्या दिसत होत्या. गालिच्याला पाय चिकटत होता. चहाचा कप हातात घेतला तर काठाला तडा. शेजारी वहिनी तसलाच कप कौतुकानं फिरवत म्हणाल्या, "सोनेरी नक्षी किती नाजूक काढल्या बघा." भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "कप? चांगला आहे की. का गं?"

हॉस्पिटलमधला चांगला गाळणीवाला मास्क मी बॅगेत टाकून आणला होता. तो लावला असता तर हवेचा प्रश्नच मिटला असता. पण तो मी बाहेर काढला नाही. मास्क लागतो ज्यांच्या मनात खोटं भरलंय त्यांना. माझ्या मनात सत्य होतं, मग मला दिसेल तेही सत्यच. इतका सरळ हिशेब मी, एक डॉक्टर, करून मोकळी झाले.

कुणापाशी एक अक्षर काढलं नाही. एकीनं गंज म्हटला की सगळ्यांना दिसू लागेल, आणि ते मला आत्ता नको होतं. मी हसत होते, हौजीत भाग घेत होते, वहिनींच्या मुलीच्या लग्नाचे फोटो बघत होते. दुभाषी पंगतीतून फिरत होता. साठीचा, तुकतुकीत, रेशमी कुडता घातलेला. "आणखी एक पुरणपोळी घ्या, लाजू नका," असं वाकून वाकून सांगायचा. चौकशीला तो एकदाही आला नव्हता, वकील यायचे. त्यामुळे मला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. माझ्या पानातही त्यानं स्वतःच्या हातानं पोळी वाढली. मी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली आणि मनात म्हटलं, ओढ बाबा, छाती भरून हवा ओढ.

मात्र दुसऱ्या दिवसापासून तो कमी हसू लागला. बोलता बोलता एखाद्या भिंतीकडे बघून थांबायचा. एकदा जिन्याच्या दांडीला हात लावला आणि तळहात कुडत्याला पुसला. माझ्याखेरीज ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

शेवटच्या दुपारी रत्नागिरीच्या बाजूची किनारपट्टी लांबवर निळसर दिसत होती. मागचा डेक माणसांनी फुलला होता. नारळाला हळद-कुंकू लावून झालं. नारळ सोडायचा मान वहिनींचा होता, निवेदन मी मागून घेतलं होतं. तो कठडा समोर होता. रंगाचे पापुद्रे सुटलेले, सांध्यांतून तांबडे ओघळ उतरलेले, खांबाच्या बुडाशी लोखंड पापडासारखं फुगलेलं. भाऊजी गर्दीत पुढं उभे होते आणि तिकडंच बघत होते. शांतपणे. त्यांना तो पांढराच दिसत होता.

मी माइक घेतला. "मंडळी, पहिला नारळ कुणाच्या हातून सुटावा? दहा वर्षं ज्यांनी हे जहाज आपल्यासाठी नवंकोरं ठेवलं, त्या दुभाषी साहेबांच्याच हातून सुटावा. हो की नाही?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींनी मोठ्या मनानं आपला नारळ पुढं केला. दुभाषीच्या कुडत्याला भाषणासाठी लावलेला माइक तसाच होता. तो हसत हसत पुढं आला आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबला. नारळ पोटाशी धरला.

"इथूनच… इथूनच देतो," तो म्हणाला.

"फेकायचा नसतो ना, साहेब," मी म्हटलं. "वाकून सोडायचा. तुमच्याच जहाजाची पद्धत आहे. टेका ना."

तो कठड्याच्या बुडाकडे बघत होता. कपाळावर घामाचे थेंब जमले होते. मागून कुणी म्हणालं, "साहेब लाजले!" हशा पिकला. मला त्या हशाची चव अजून आठवते.

"अवो टेका की साहेब!" वहिनी पुढं झाल्या. "काय होत न्हाई! भक्कम हाय, हे बघा." आणि त्यांनी कठड्यावर थाप मारायला हात उचलला.

"हात लावू नका!" दुभाषी किंचाळला. "मागं व्हा! बुडाशी गंजलाय तो, जाल तुम्हीपण!"

ते शब्द दोन्ही भोंग्यांमधून सगळ्या डेकवर ऐकू गेले.

मी माइक तोंडाशी नेला आणि शक्य तितक्या हळू विचारलं, "तुम्हीपण? म्हणजे आणखी कोण गेलं, दुभाषी साहेब?"

त्याच्या हातातला नारळ निसटला आणि डेकवरून घरंगळत गेला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मला ओळखलं असावं, कारण मेघनाताईचा फोटो त्यानं चौकशीच्या कागदांत पाहिलेला असणारच आणि तिचा-माझा तोंडवळा एक आहे.

वहिनी उचललेला हात तसाच धरून कठड्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "अगं आई गं," त्या पुटपुटल्या, "सगळा कुजलाय की हा." बस, तेवढंच लागत होतं. एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये ते पसरत गेलं. एका बाईनं खुर्चीवरून पोर उचललं. कुणी पायाखालच्या फळ्यांकडे बघून ओरडलं, कुणी छताकडे. इतके दिवस राजवाड्यात राहिलेली माणसं भंगारात उभी होती. सगळे कठड्यांपासून लांब, डेकच्या मधोमध एकमेकांना चिकटले. दुभाषी एका खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होता आणि त्याच्याभोवती कुणीही उभं नव्हतं. दोन वर्षं मी जे मागत होते ते मला मिळालं होतं, आणि ते गोड होतं. खोटं कशाला बोलू?

भाऊजी माझ्याजवळ आले. चेहरा राखेसारखा झाला होता.

"हेमांगी," ते म्हणाले, "हा त्या दिवशीही असाच होता?"

मी त्यांना वाचवू शकले असते. तुमचा दोष नाही, हवेचा आहे, इतकंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं.

"असाच होता," मी म्हटलं. "आणि तुम्ही शपथेवर नवाकोरा म्हणालात."

त्यांनी मान हलवली. खाली वाकून तो घरंगळलेला नारळ उचलला, शर्टाला पुसला आणि कठड्याकडे चालू लागले. गर्दीतून कुणी "अहो, अहो!" म्हणालं. ते थांबले नाहीत. कठड्याशी गेले, दोन्ही हात बाहेर काढले आणि अंगाचा सगळा भार त्या गंजलेल्या लोखंडावर टाकून वाकले.

बुडाशी पापुद्रे सुटताना मला दिसले. खांब हलल्याचं दिसलं. फक्त 'भाऊजी' एवढी हाक मारायची होती, मी त्यांच्यापासून पाच पावलांवर होते आणि माइक माझ्या हातात होता. हाक गळ्यापर्यंत आली. मी ती गिळली.

कठडा तुटला नाही.

भाऊजी बराच वेळ तसेच वाकून होते. खाली नारळ पाण्यात पडल्याचा बारीकसा आवाज आला. मग ते सरळ झाले, वळले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. कुजक्या लोखंडानं अख्खा माणूस कसा पेलला, हे डेकवर कुणालाच कळेना.

*

मुंबईच्या धक्क्यावर उतरून अर्धा दिवस उलटून गेला होता. पोलिसांनी जबाबासाठी सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. शेजारी बसलेल्या इंगवले वहिनींनी फोनवर ग्रुपमधल्या कुणीतरी काढलेला आदल्या दुपारचा व्हिडिओ लावला, मग डोळ्यांजवळ नेला, मग माझ्यापुढं धरला.

"डॉक्टरबाई, ह्यात गंज कुठं हाय हो?"

फोन उजेड वाढवतो, डाग पुसतो, हे मला माहीत होतं. पण एवढा गंज कुठलाच फोन पुसत नाही. व्हिडिओत एक साधा, सरळ, पांढरा कठडा होता. ओघळ नाहीत, पापुद्रे नाहीत. आणि त्या धडधाकट कठड्यासमोर एक तुकतुकीत माणूस भुतासमोर उभा असावा तसा थरथरत होता. मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. माझ्या अंगातून 'स्थिरा' उतरलं होतं.

धडधाकट कठड्याला मालक का घाबरला, हाच प्रश्न मग पोलिसांनाही पडला. रंग खरवडून लोखंड तपासलं गेलं. तो खांब, त्याचे सांधे, वरची दांडी, सगळं जहाजाच्या बाकीच्या लोखंडापेक्षा पुष्कळ नवं निघालं. ताई गेली त्याच आठवड्यात कुजका भाग कापून नवा बसवला होता आणि जुन्यासारखा दिसावा म्हणून वर जुन्याच रंगाचा हात मारला होता. 'कठड्याला हात लागलेला नाही' असं कंपनीनं लिहून दिलं होतं, तेच तिच्या गळ्याशी आलं. त्या जहाजावर तो कठडा सगळ्यांत भक्कम होता. दुभाषीला दिसला तो गंज त्याच्या मनातला होता. आणि मला दिसला तो माझ्या.

दुभाषीला अटक झाली त्या दिवशी मी बासुंदी घेतली आणि सांगली गाठली. ताईच्या फोटोला हार घातला. दोन वाट्या भरल्या. एक भाऊजींपुढं ठेवली, एक मी घेतली.

"जिंकलो आपण," मी म्हटलं. "तुम्ही शपथेवर सांगितलंत ते तुम्हाला तसंच दिसलं होतं, हे आता सगळ्यांना कळलंय. मलाही."

त्यांनी वाटीला हात लावला नाही. फोटोकडे बघत होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मी वाकलो तेव्हा तुला तो कठडा कसा दिसत होता?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या घरात, त्या फोटोसमोर, जीभ वळली नाही.

"कुजलेला," मी म्हटलं.

भाऊजींनी मान हलवली, जहाजावर हलवली होती तशीच. मग उठले आणि माझ्या पुढ्यातली वाटी उचलून त्यांनी आपल्या वाटीशेजारी, ताईच्या फोटोपुढं ठेवली.

"इंगवले वहिनींनी नुसता हात उचलला," ते म्हणाले, "तर दुभाषीसुद्धा ओरडला होता गं."